जिमचे नियम, दगडावर कोरलेले

गेल्या पावसाळ्यात डॉक्टर मला म्हणाले, ''सर, नुसतं फिरून भागणार नाही. या वयात स्नायू टिकवायचे तर थोडं वजन उचला.'' सत्तरी ओलांडलेल्या इतिहासाच्या मास्तराला जिमची वाट कोण दाखवणार? सूनबाईनं दाखवली. ''बाबा, दोन-तीन ठिकाणं बघून या. आणि जाल तेव्हा संध्याकाळी सातला जा. दुपारच्या वेळी सगळ्याच जिम चांगल्या दिसतात.''

सल्ला लाखमोलाचा निघाला. पहिल्या जिममध्ये यंत्रं चकचकीत, भिंतभर आरसे. एक गृहस्थ बाकावर बसून मोबाइलवर बोलत होते आणि शेजारी एक मुलगी हात बांधून त्यांच्या उठण्याची वाट पाहत होती. दुसऱ्यानं वजनं दाणकन आपटली आणि तिथंच सोडून तो निघून गेला. गादीवर कुणाच्या तरी पाठीचा ओला ठसा. मला त्या क्षणी आठवला तो ग्रीसमधला एक दगड.

जिम हा शब्दच मुळात ग्रीक. 'जिम्नोस' म्हणजे उघडा. तिथले पुरुष उघड्या अंगाला तेल चोळून व्यायाम करत, म्हणून त्या जागेचं नाव जिम्नॅशियम. उत्तर ग्रीसमधल्या व्हेरिया या गावाचं प्राचीन नाव बेरोइया. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात या शहरानं आपल्या व्यायामशाळेसाठी कायदा केला आणि तो दगडाच्या दोन्ही बाजूंवर कोरून ठेवला. हा शिलालेख आज तिथल्या संग्रहालयात आहे. कायदा का करायचा, याचं कारणही त्यात दिलं आहे. नियम असले की तरुणांना लाजलज्जा राहील, ते प्रमुखाचं ऐकतील आणि उत्पन्न वाया जाणार नाही. बावीसशे वर्षं झाली, पण जिमच्या मालकाची काळजी बदललेली नाही!

व्यायामशाळेचा प्रमुख तीस ते साठ वर्षांच्या वयाचा हवा. त्याचा अपमान केला तर दंड. दारू पिऊन येणाऱ्याला प्रवेश नाही. तिथली वस्तू चोरली तर देवळात चोरी केल्याचा गुन्हा. अंगावरचं तेल, घाम आणि धूळ व्यायामानंतर खरवडून काढत. या मळालाही गिऱ्हाईक असे आणि त्याच्या विक्रीच्या हक्काचा लिलाव होई. जो हा हक्क घेईल, त्यानं आखाड्याची राखण करायची. घामाचीसुद्धा व्यवस्था होती म्हणायची.

मला सर्वांत आवडतो तो बक्षिसांचा भाग. हर्मिस देवाच्या उत्सवात तीन गुणांसाठी बक्षिसं असत. एक सुदृढ शरीराला, दुसरं शिस्तीला आणि तिसरं वर्षभराच्या मेहनतीला. शरीराचा निकाल लावायला चिठ्ठ्या टाकून परीक्षक निवडत. पण शिस्त आणि मेहनत कुणाची, हे प्रमुखानं स्वतः देवाची शपथ घेऊन ठरवायचं, कारण रोज पाहणाऱ्यालाच ते कळतं. तीन बक्षिसांतली दोन वागणुकीला होती.

हे वाचताना मला आमच्या गावची तालीम आठवायची. आखाड्यात उतरण्याआधी माती कपाळाला लावायची. चपला बाहेर. फावड्यानं माती उकरण्याची पाळी लहानांची. त्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू पडलेलं असे आणि तिच्यात सगळ्यांचा घाम मुरलेला. माझी माती, तुझी माती असं काही नव्हतंच. ''उकरल्याशिवाय लढायचं नाही,'' असं वस्ताद म्हणत. पुढच्या गड्याला माती मऊ मिळाली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

पण तो दगड आणखीही काही सांगतो. आत कोणी यायचं नाही, याची यादी त्यावर आहे. गुलाम, मुक्त झालेले गुलाम आणि त्यांची मुलं, बाजारात धंदा करणारे. वर्गात मी ही यादी शिकवायचो आणि ग्रीकांवर चार शब्द सुनवायचो. पुष्कळ वर्षांनी ध्यानात आलं, की आमच्या तालमीला पाटी नव्हती, पण यादी होती. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. माझ्या वर्गातला दलित वस्तीतला एक मुलगा मात्र कित्येक संध्याकाळी दारात उभा राहून कुस्त्या पाहायचा. अंगापिंडानं माझ्या दुप्पट. त्याला कुणी 'येऊ नको' म्हटलं नाही. 'ये' असंही कुणी म्हटलं नाही. मीही नाही. पुढं त्यानं येणंच सोडलं.

म्हणून जिम निवडताना मी यंत्रं मोजली नाहीत. दुसऱ्या जिममध्ये माझ्या तब्येतीआधी वर्षाची फी विचारली गेली, तेव्हा मी नमस्कार करून निघालो. तिसरी जिम लहान, यंत्रं जुनी, पण खिडक्या उघड्या आणि फरशी कोरडी. तिथल्या प्रशिक्षक बाईंनी आधी रक्तदाब विचारला, मग गुडघे. एक दिवस करून पाहा, म्हणाल्या, आणि पैसे महिन्याचेच घेतले. एका धिप्पाड तरुणाला त्या सहज म्हणाल्या, ''दादा, तुमचं झालं की आजोबांना द्या हं.'' त्यानं लगेच गादी पुसली, वजन माझ्या बेतानं कमी केलं आणि बाजूला झाला. माझी निवड तिथं झाली.

आता मी आठवड्यातून तीनदा जातो. नियम साधे आहेत. स्वतःचा पंचा न्यायचा, बाहेरची पादत्राणं आत न्यायची नाहीत, वापरलेली गादी पुसायची, वजन जिथलं तिथं ठेवायचं, दम घेताना यंत्र अडवून बसायचं नाही, फोन पिशवीत. आणि न विचारता कुणाला शिकवायचं नाही. हा शेवटचा नियम मास्तराला फार जड जातो.

एक नियम मी माझ्यापुरता वाढवला आहे. दारात कुणी अवघडून उभं दिसलं, की पाच किलोचं वजन खाली ठेवून मी आधी 'या, या' म्हणतो. साठ वर्षं उशीर झाला आहे, पण म्हणतो.