तार एक, भाषा दोन

एका बाकावर दोन मुले बसली आहेत. एकाला फक्त तमिळ येते, दुसऱ्याला फक्त मराठी. बाक एकच असला तरी बोलणे होणार कसे? १९९० च्या सुमारास संगणकांची अवस्था अशीच होती. एकाच तारेने जोडलेल्या दोन संगणकांपैकी एकावर डॉस आणि दुसऱ्यावर युनिक्स ही कार्यप्रणाली असेल, तर एकाच्या फाइली दुसऱ्याला सहसा दिसत नसत. दोष तारेचा नव्हता. ‘फाइल उघड’, ‘इतका भाग वाचून दे’ या मागण्या कोणत्या क्रमाने व कोणत्या सांकेतिक रूपात करायच्या, याचे नियमच वेगळे होते. अशा नियमसंचाला प्रोटोकॉल म्हणतात. युनिक्सच्या जगात सन कंपनीचा एनएफएस रूढ होता. डॉसच्या जगात आयबीएममध्ये जन्मलेला एसएमबी.

डिसेंबर १९९१ मध्ये कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांना डॉस संगणकावरून युनिक्स संगणकाची डिस्क वापरायची होती. हाताशी नियमपुस्तिका नव्हती. तेव्हा त्यांनी तारेवरून जाणारे संदेश टिपणारा छोटा प्रोग्राम लिहिला. कोणत्या मागणीला कोणते उत्तर येते हे पाहायचे, अर्थाचा तर्क करायचा आणि तसेच उत्तर स्वतः देऊन पडताळायचे, ही त्यांची रीत. फ्रेंच न येणारा माणूस उपाहारगृहात बसून, गिऱ्हाईक काय म्हणते आणि वाढपी काय आणतो हे पाहत भाषा शिकतो, तसेच हे, असे त्यांनी पुढे समजावले.

हा प्रोग्राम काही काळ पडून राहिला. पुढे घरात पत्नीचा संगणक आपल्या लिनक्स संगणकाशी जोडताना त्यांनी तो पुन्हा बाहेर काढला, आणि तो चालला! १९९४ मध्ये नाव बदलण्याची वेळ आली, तेव्हा एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द त्यांनी संगणकातल्या शब्दसूचीत शोधले. त्यांत ‘सांबा’ सापडला. मूळ आज्ञावलीसह तो सर्वांना विनामूल्य मिळाला व अनेक देशांतील लोकांनी तो वाढवला.

पण निरीक्षणालाही मर्यादा असते. विंडोजबरोबर नियम गुंतागुंतीचे होत गेले आणि तर्क मागे पडू लागला. प्रश्न उभा राहिला : दोन यंत्रांमधील भाषा एका कंपनीने गुप्त ठेवावी काय? मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड केला व अशी माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयानेही मुख्यतः हाच निर्णय कायम ठेवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १०,००० युरो भरून सांबाच्या चमूसाठी ती कागदपत्रे मिळवण्यात आली.

एसएमबीत संभाषणाच्या आरंभी एक संगणक आपल्याला येणाऱ्या ‘बोली’ सांगतो आणि दुसरा त्यांतली एक निवडतो. संवाद सुरू होण्यासाठी दोघांना समजणारी एक बोली पुरते. मात्र ती शिकण्याची वाट सर्वांना मोकळी हवी.