दुसऱ्या सर्व्हरची कुळकथा

२०१३च्या फेब्रुवारीत परळीचं थर्मल वीजकेंद्र बंद पडलं, ते यंत्रं बिघडली म्हणून नाही. २१० मेगावॉटचे तीन संच आणि २५० मेगावॉटचे दोन, मिळून ११३० मेगावॉट. एखादा संच दुरुस्तीला गेला तरी बाकीचे चालत राहतील, अशी मांडणी होती. पण पाचही संचांना पाणी लागायचं ते गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याचं, आणि दुष्काळात ते पाणीच संपलं. २०१५मध्ये पुन्हा तीच पाळी आली. बीड जिल्ह्यात या गोष्टीकडे दुष्काळाची गोष्ट म्हणून पाहिलं गेलं आणि ते बरोबरच आहे. पण अंबाजोगाई, माजलगाव, केजहून शिकून हिंजवडी-खराडीत सर्व्हर सांभाळायला गेलेल्या मुलामुलींनी ती आपल्या कामाची गोष्ट म्हणूनही वाचायला हवी. संच पाच होते, पाणी एकच होतं. त्या काळात वीज मिळाली ती ग्रीडवरच्या इतर केंद्रांची, म्हणजे ज्यांचा खडक्याच्या पाण्याशी संबंध नव्हता त्यांची.

एक यंत्र पडलं की दुसऱ्यानं त्याचा कारभार आपसूक हाती घ्यायचा, याला फेलओव्हर म्हणतात, आणि अशा यंत्रांच्या गटाला क्लस्टर. आज असा क्लस्टर उभा करणारा इंजिनिअर सर्व्हरच्या खोलीत पाऊलही टाकत नाही. तो एक मजकूर लिहितो, चालवतो, आणि थोड्या वेळात यंत्रं परस्परांना ओळखून कामाला लागलेली असतात. या मजकुराचं कूळ शोधत मागे गेलं की लक्षात येतं, दुसरं यंत्र आधी आलं आणि ते नीट उभं करण्याची अक्कल त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

अमेरिकेच्या हवाई दलानं १९५८पासून ‘सेज’ ही हवाई संरक्षण यंत्रणा उभारली, तेव्हा प्रत्येक केंद्रात आयबीएमचे दोन अवाढव्य संगणक ठेवले. एक कामावर, दुसरा तयारीत. व्हॅक्यूम ट्यूब हजारोंनी असत आणि त्यातली एखादी कधीही जाणार हे गृहीतच होतं. १९६५मध्ये बेल कंपनीचं पहिलं मोठं इलेक्ट्रॉनिक टेलिफोन एक्स्चेंज न्यू जर्सीत सुरू झालं, त्यातही प्रोसेसर जोडीनं चालत. चाळीस वर्षांत सगळं मिळून दोन तासांपेक्षा जास्त बंद राहायचं नाही, हे त्याचं उद्दिष्ट होतं. हे झालं लष्कराचं आणि टेलिफोनचं. बँकेला परवडेल आणि दुकानातून विकत मिळेल अशी जोडी आणली ती जेम्स ट्रेबिग यांनी १९७४मध्ये काढलेल्या टँडम कंपनीनं. तिचं पहिलं यंत्र १९७६मध्ये सिटीबँकेकडे गेलं. त्यातले प्रोसेसर ठरावीक वेळानं परस्परांना ‘मी जिवंत आहे’ एवढाच निरोप धाडत. निरोप चुकला की सोबती गेला असं धरून दुसरा काम उचलायचा. आज प्रत्येक क्लस्टरमध्ये हार्टबीट म्हणून जे असतं ते हेच.

पुढचं वळण मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं. जिम ग्रे हे टँडममध्येच काम करणारे संशोधक. १९८५मध्ये त्यांनी स्वतःच्याच कंपनीची यंत्रं नेमकी कशामुळे बंद पडतात याचा हिशेब मांडला. हार्डवेअरमुळे बंद पडण्याचं प्रमाण निघालं १८ टक्के, सॉफ्टवेअरमुळे २५ टक्के, वीज वगैरे बाहेरच्या कारणांनी १४ टक्के. आणि यंत्र चालवणं, त्याची देखभाल, त्याची मांडणी, म्हणजे माणसाच्या हातून होणारं काम, याच्या वाट्याला ४२ टक्के! यंत्राची जोडी करून हार्डवेअरचा प्रश्न बराचसा सुटला होता. उरला होता तो हात. ज्या कंपनीचं नावच न थांबणाऱ्या यंत्रांसाठी होतं, तिच्याच माणसानं हा आकडा उघडपणे लिहावा, याबद्दल मला ग्रे यांच्याविषयी फार आदर आहे. क्लस्टर हातानं उभा करू नये, या विचाराला आकड्यांचा पाया तिथे मिळाला. पण उपाय त्या अहवालात तयार मिळणार नव्हता.

दरम्यान जोडीचा गट झाला. डिजिटल इक्विपमेंट कंपनीनं १९८३मध्ये व्हॅक्सक्लस्टर जाहीर केला. त्यात अनेक संगणक एकाच साठवणुकीवर काम करत, आणि तिथे एक नवं संकट नीट ओळखलं गेलं. दोन यंत्रं ठणठणीत आहेत, पण त्यांच्यामधली तार तुटली. दोघांनाही वाटतं की समोरचा गेला. दोघेही मालक होतात आणि एकाच डिस्कवर एकाच वेळी लिहू लागतात. यंत्र बंद पडलं असतं तर तासाभराचं काम बुडालं असतं. इथे वर्षांची माहितीच नासते. यावर उपाय मतदानाचा: ज्या बाजूला बहुमत, तिनेच पुढे चालवायचं, दुसरीनं गप्प बसायचं. दोनच यंत्रं असतील तर तिसरं मत एखाद्या साक्षीदार डिस्कला द्यायचं. आणखी एक कठोर उपाय आहे, फेन्सिंग: कारभार घेण्यापूर्वी दुसऱ्या यंत्राची वीजच तोडायची, म्हणजे ते अर्धमेलं असलं तरी लिहू शकणार नाही. घाईत क्लस्टर उभा करणारा माणूस पहिल्यांदा हेच गाळतो. कारण त्याशिवायही सगळं चालताना दिसतं, अगदी तार तुटेपर्यंत.

हे सारं महागड्या, एकाच कंपनीच्या पेट्यांमध्ये होतं तोवर उभारणी कंपनीचाच माणूस येऊन करत असे. १९९७मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज एनटीवर दोन सर्व्हरांचा क्लस्टर आणला, त्याच सुमारास लिनक्सवर हार्टबीट नावाचं मोफत सॉफ्टवेअर तयार झालं, आणि साध्या पीसीच्या जातीच्या सर्व्हरवरही फेलओव्हर करता येऊ लागला. मग उभारणी आली ती कुठल्याही कार्यालयातल्या कुठल्याही इंजिनिअरच्या हाती. दोन्ही यंत्रांवर तीच आवृत्ती, दोन्ही घड्याळं एका वेळेला, हार्टबीटसाठी दोन वेगवेगळ्या तारा, आधी डिस्क मग पत्ता मग डेटाबेस मग सेवा असा क्रम. हे सगळं स्क्रीनवर टिचक्या मारत करायचं आणि दुसऱ्या यंत्रावर तसंच्या तसं पुन्हा. पहिल्या दिवशी जमायचंही. पुढे मार्चअखेरच्या गडबडीत पहिल्या यंत्रावर रात्री एक दुरुस्ती होते, दुसऱ्यावर करायची राहते. वर्षभरात दोघांत अंतर पडत जातं आणि कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण दुसरं यंत्र कधी कामाला लागतच नाही. लागतं तेव्हा पहिलं गेलेलं असतं.

या अंतरावरचं औषध क्लस्टरवाल्यांकडून आलंच नाही. ते आलं ऑस्लोहून. मार्क बर्गेस हे मूळचे भौतिकशास्त्राचे. विद्यापीठातल्या आपल्या विभागातले तऱ्हेतऱ्हेचे संगणक सांभाळताना त्यांनी १९९३मध्ये सीएफइंजिन लिहिलं. शेल स्क्रिप्ट त्याआधीही होत्या, पण त्या म्हणजे आज्ञांची यादी: हे कर, मग ते कर. मध्येच थांबली आणि पुन्हा चालवली तर अर्धं काम दोनदा व्हायचं. बर्गेस यांनी उलट बाजूनं धरलं. वाटसरूला ‘वडापाशी वळ, ओढा ओलांड’ असं सांगण्याऐवजी गावाचं नाव सांगावं आणि तो जिथे असेल तिथून त्यानं पोचावं, तसं. मजकुरात शेवटची स्थिती लिहायची: ही फाइल अशी असावी, ही सेवा चालू असावी. यंत्र आधीच तसं असेल तर काहीही करायचं नाही. नसेल तर तेवढंच दुरुस्त करायचं. तो मजकूर रोज चालवला तरी धोका नाही, आणि पडलेलं अंतर रोजच्या रोज बुजत राहतं.

२००५मध्ये पपेट, २०१२मध्ये अँसिबल याच वाटेनं आले. विंडोजच्या बाजूला जेफ्री स्नोव्हर यांनी २००२मध्ये मांडलेल्या विचारातून २००६मध्ये पॉवरशेल झालं, आणि विंडोज सर्व्हर २००८ आर२पासून क्लस्टर तपासणं, बनवणं, त्याला साक्षीदार देणं हे सगळं आज्ञा लिहून करता येऊ लागलं. तपशिलाचे फरक पुष्कळ आहेत. कूळ एकच आहे. माझ्या मते यातला खरा लाभ वेळ वाचण्याचा नाही. फेन्सिंग गाळलं असेल तर ते आता मजकुरात दिसतं. ती ओळ का नाही, असं शेजारच्या खुर्चीवरची सहकारी विचारू शकते. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते. ग्रे यांनी दाखवलेला तो हात कागदावर आला, आणि कागद तपासता येतो.

मजकुराला मात्र स्वतःचं एक संकट आहे. तो दोन्ही यंत्रं हुबेहूब सारखी करतो, चुकांसकट. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान ५ हा अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटाच्या आतच आकाशात फुटला. दिशा सांगणाऱ्या यंत्रणा त्यात दोन होत्या. दोघींत एकच सॉफ्टवेअर होतं आणि एक मोठी संख्या त्याला १६ बिटांच्या जागेत मावेना. राखीव यंत्रणा आधी बंद पडली, मुख्य त्यानंतर ७२ मिलिसेकंदांनी. म्हणून मजकूर कितीही नेटका असला तरी त्याआधी एक प्रश्न कागदावर उत्तरायला हवा, तो परळीचाच: या दोघांमध्ये सामाईक काय आहे?

मुंबईत या प्रश्नानं एक दिवस पुरता घेरला. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये समभागांचे व्यवहार ३ नोव्हेंबर १९९४ रोजी सुरू झाले, तेच मुळी स्ट्रेटस कंपनीच्या, आतून सगळं दुहेरी असलेल्या यंत्रांवर. म्हणजे फेलओव्हरची जाण या संस्थेला पहिल्यापासून होती. तरीही २४ फेब्रुवारी २०२१ला सकाळी ११.४० वाजता व्यवहार थांबवावे लागले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या डळमळल्या, त्यातून सर्व्हर ज्या सामाईक साठवणुकीवर विसंबून होते तीच त्यांना दिसेनाशी झाली आणि जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली. चेन्नईत पर्यायी केंद्र होतं. कारभार तिकडे वळवला गेला नाही. दुपारी ३.४५ला बाजार पुन्हा उघडला आणि पाच वाजेपर्यंत चालवला गेला.

पुढच्याच महिन्यात सेबीनं नियम कडक केले. घटनेपासून ३० मिनिटांच्या आत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. यातली ४५ मिनिटं मजकुराची आहेत, तीस माणसांची. एका खोलीतल्या दोन सर्व्हरांमध्ये निर्णय क्लस्टर स्वतः घेतो, काही सेकंदांत. दोन शहरांमध्ये तसं सोपवता येत नाही, कारण मुंबईत शेवटच्या क्षणांत झालेला सौदा चेन्नईत पोचलेला असेलच असं नाही, आणि तो सोडून पुढे जायचं का हे कुणीतरी नाव लावून ठरवावं लागतं. त्या माणसाचा हात थरथरू नये म्हणून एकच मार्ग आहे: सगळं ठीक चाललेलं असताना मुद्दाम कारभार हलवून पाहायचा. चांगल्या क्लस्टर-मजकुराचा शेवटचा भागही हाच असतो, उभारणी झाली की चालू यंत्र आपणहून पाडायचं आणि दुसरं उठतं का ते मोजायचं. २ मार्च २०२४च्या शनिवारी बाजारानं हे खऱ्या सौद्यांवर केलं. सकाळी ९.१५ ते १० मूळ केंद्रावरून, ११.३० ते १२.३० पर्यायी केंद्रावरून; मधल्या दीड तासात सगळा कारभार हलवला गेला.