नंबर काढणाऱ्याची कुळकथा

आपल्याकडे डोळे तपासायला जाणे म्हणजे ‘नंबर काढायला’ जाणे. फारसीत ‘चश्म’ म्हणजे डोळा. त्यावरून आलेला चष्मा मराठीने कधीच आपलासा केला. नंबर काढणाऱ्या माणसाला मात्र आपण नाव दिले नाही. तो चष्मेवाला, नाहीतर डॉक्टरांच्या हाताखालचा. ऑप्टोमेट्रिस्ट हा शब्द आजही घरात कुणी उच्चारत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने या पेशाचा कायदा १९०१ मध्ये केला. आपल्याकडे त्याला १२० वर्षे लागली.

या उशिरात जे घडत गेले, त्यातला मोठा भाग हैदराबादचा आहे. १९८७ मध्ये डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी बंजारा हिल्सवर नेत्रसंस्था सुरू केली. जमीन आणि एक कोटी रुपये दिले चित्रपट निर्माते एल. व्ही. प्रसाद यांनी. हे तेच प्रसाद, ज्यांनी तरुणपणी मुंबईत ‘आलम आरा’मध्ये काम केले होते. शहरात नामांकित रुग्णालय उभे राहिले, पण खेड्यातली म्हातारी तिथवर पोचणार कशी? म्हणून संस्था तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मुधोळला गेली. बासरजवळचे, नांदेडच्या सीमेजवळचे हे गाव. तिथल्या केंद्राचे नाव भोसले गोपाळराव पटेल नेत्रकेंद्र. नावावरूनच कळते की इथे तेलुगू आणि मराठी एकाच अंगणात नांदतात.

अशा ग्रामीण केंद्रांच्या आधाराने एक नवा माणूस उभा राहिला: व्हिजन टेक्निशियन. बारावी झालेली, त्याच भागातली मुलगी किंवा मुलगा, एक वर्षाचे प्रशिक्षण. साधारण ५० हजार वस्तीमागे एक दृष्टिकेंद्र. ट्रायल फ्रेममध्ये एकेक भिंग बदलत नंबर काढायचा, डोळ्यातला दाब मोजायचा, चष्मा द्यायचा आणि मोतीबिंदू किंवा काचबिंदूची शंका आली की वरच्या केंद्रात पाठवायचे. शस्त्रक्रिया त्याच्या हाती नाही. आपली हद्द कुठे संपते हे ओळखणे, हीच मला त्याच्या शिक्षणातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

पुढे तेलंगण सरकारने १५ ऑगस्ट २०१८ रोजी ‘कंटि वेलुगु’, म्हणजे डोळ्यांचा उजेड, ही मोहीम काढली. तिच्या पथकांत डॉक्टरांबरोबर ऑप्टोमेट्रिस्टही होते. एवढे काम ज्याच्यावर सोपवले, त्याला देशाच्या कायद्यात तेव्हा स्वतःची जागा नव्हती.

ती २०२१ मध्ये मिळाली. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने ऑप्टोमेट्रिस्ट आणि नेत्र सहायक दोघांनाही अनुसूचीत घेतले. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ व्हायचे तर किमान ३६०० तासांची पदवी हवी. ‘संलग्न’ म्हणवून घ्यायचे तर किमान २००० तास, तेही दोन ते चार वर्षांत. पदवीधरांसाठी हा न्यायच झाला. अर्धवट शिकलेल्या हातांपासून रुग्णाला जपणेही आवश्यकच.

पण मुधोळसारख्या भागातला एक वर्षाचा अभ्यासक्रम या मापात बसत नाही. माप सैल करा, असे मी म्हणणार नाही. गावात काम करत शिकलेले तास पुढच्या शिक्षणात धरले जावेत आणि उरलेले पूर्ण करायला त्या मुलीला केंद्र बंद करून हैदराबाद गाठावे लागू नये, एवढी सोय नियमांत व्हायला हवी. ती शिकायला गेली आणि केंद्राला कुलूप लागले, तर त्या ५० हजारांचे नंबर कोण काढणार?