संबळ आणि सिंफनी

वरळीच्या बीडीडी चाळींत घाटावरच्या घरी लग्न झालं की गोंधळ आलाच. 160 चौरस फुटांच्या खोलीत चौक भरायचा, दिवटी पेटायची आणि कमरेला बांधलेल्या संबळावर गोंधळ्याच्या काठ्या पडायच्या. माझा दावा असा की हे संबळ आणि हायडन-मोझार्टच्या वाद्यवृंदातली टिंपनी, म्हणजे सुरात लावलेले नगारे, ही चुलत भावंडं आहेत.

मूळपुरुष अरबी-फारसी नक्कारा. क्रुसेडांच्या काळात तो युरोपात गेला, जुन्या फ्रेंचांनी त्याला 'नाकेर' म्हटलं. इकडे अकबराच्या नगारखान्यात नक्काऱ्यांच्या वीसेक जोड्या असल्याचं 'ऐन-इ-अकबरी' सांगते. आपल्या रायगडावरचा नगारखाना तर सर्वांना ठाऊक आहे.

प्रतिपक्ष म्हणेल, संबळ अस्सल इथलंच. वेदांत दुंदुभी आहे, मग फारसी आजोबा कशाला? दुंदुभी मान्य. पण प्रश्न जोडीचा आहे. वाटीसारखी दोन भांडी, दोन्ही चामड्यानं मढवलेली, एकाचा आवाज बारीक, दुसऱ्याचा भरीव, आणि वाजवायचं काठ्यांनी. ही सगळी लक्षणं एकत्र दिसतात ती नगाऱ्याच्याच घरात. दख्खनच्या सुलतानांच्या नौबतीतून ही जोडी देवीच्या दारी आली, असा माझा कौल. दरबारात जे वाजतं ते देवळात यायला वेळ लागत नाही.

युरोपात या जोडीनं काय केलं, ते अधिक नवलाचं. अठराव्या शतकातल्या वाद्यवृंदात टिंपनी बहुधा दोनच; एक षड्जात, दुसरी पंचमात. कडेचे स्क्रू पिळून सूर बदलायचा, म्हणजे चालू रचनेत ते सहजी जमायचं नाही. सोनाटाच्या बांधणीत सुरावट मूळ स्वरपट्टी सोडून लांब भटकते आणि शेवटी घरी येते. भटकंतीत हे नगारे बरेचदा गप्प, घर आलं की गर्जना. त्या काळच्या सिंफनीत समेवर आल्याचा जो भरघोस आनंद मिळतो, त्यात या नाइलाजाचा वाटा मोठा आहे. पुढे बेथोव्हनला जोडीचं एवढंच काम पुरेना. 1806 च्या व्हायोलिन कन्चेर्टोची सुरुवातच त्यानं एकट्या टिंपनीवर केली, आणि आठव्या सिंफनीच्या अखेरच्या भागात दोन्ही नगारे एकाच स्वरावर, सप्तकाच्या अंतरानं लावले.

पण मुळात दोनच का? सा-प हा संगीतशास्त्राचा हिशेब झाला. जोडी त्याच्याही आधीची. 1457 साली हंगेरीच्या राजाचे वकील फ्रान्सला गेले, तेव्हा त्यांचे अवाढव्य नगारे घोड्यांवर लादलेले होते. आपल्याकडे घोड्यावर, उंटावर नगारे दोन्ही अंगांना बांधत; एकच बांधला तर ओझं कलतं. व्हिएन्नाच्या पंडितांनी षड्ज-पंचमावर खुशाल ग्रंथ लिहावेत. नगारे दोन झाले, कारण घोड्याला बगला दोन, असं मी म्हणतो.