काडतुसाची निवड

राजोडीच्या किनाऱ्याच्या उत्तरेला अर्नाळ्याचा किल्ला आणि दक्षिणेला वसईचा. १५३४ ते १७३९ अशी दोनशेहून अधिक वर्षे वसई पोर्तुगीजांकडे होती. ते गेले, शब्द राहिले. पाव, चावी, पगार ही उदाहरणे आपण भाषेच्या तासाला हटकून देतो. त्याच यादीत ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ही असतात. तोफ तुर्की, दारू फारसी, रायफल इंग्रजी. गोळी तेवढी आपली. व्युत्पत्ती सांगून झाली की आपण पुढच्या शब्दाकडे वळतो. परंतु काडतूस या वस्तूचा इतिहास पाहिला, तर एका वेगळ्याच प्रश्नाशी येऊन थांबावे लागते, असे आम्हांस वाटते. तो प्रश्न असा : काडतूस निवडतो कोण?

वरवर पाहता उत्तर सोपे आहे. शिकारी निवडतो. मोठ्या जनावरासाठी नवी रायफल घेणाऱ्याला दोनच गोष्टी ठरवायच्या असतात : गोळी किती आत जावी आणि आत जाऊन तिने काय करावे. वाघाची कातडी पातळ, शरीर चपळ. त्याच्यासाठी मऊ टोकाची, आत शिरताच पसरणारी गोळी हवी. गव्याचा खांदा म्हणजे स्नायू आणि हाडांची भिंत. तेथे तीच गोळी वरच्यावर फुटून जाते, म्हणून धातूच्या पूर्ण वेष्टनाची टणक गोळी लागते. निवड चुकली तर जनावर मरत नाही, जखमी होऊन रानात शिरते. आणि त्याची किंमत पुष्कळदा शिकाऱ्याऐवजी दुसऱ्या दिवशी लाकडे आणायला गेलेले माणूस मोजते.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात हा निर्णय प्रत्येक बाराला नव्याने घेता येई. दारू वेगळी, गोळी वेगळी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत बसेल ती ‘बारा बोअर’. बोअरचा आकडा जितका लहान, तितकी गोळी मोठी. मध्य प्रांतात नोकरी केलेल्या जेम्स फोर्सिथ या लष्करी अधिकाऱ्याने १८६३ मध्ये शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या एवढ्याच विषयावर एक आख्खे पुस्तक लिहिले. मोठी गोल गोळी, नळीत सावकाश वळणारे आटे आणि दारूचा भरपूर बार, हा त्याचा पुरस्कार होता. खानदेशाला आणि मेळघाटाला लागून असलेल्या निमाडात त्याने जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचे काम केले. रान मोजणारा आणि रानात गोळी चालवणारा माणूस एकच होता, हे येथे नोंदवण्यासारखे आहे.

पण याच्या काही वर्षे आधी काडतूस दुसऱ्या एका कारणाने इतिहासात आले होते. एन्फील्ड रायफलीचे कागदी काडतूस दातांनी फाडावे लागे. ते कशाने माखायचे हे सरकारने ठरवले. ज्याच्या तोंडात ते जाणार होते त्याला कोणी विचारले नाही. विष्णुभट गोडसे यांच्या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’मध्ये या काडतुसांची हकीकत येते, ती वाचताना आपले लक्ष चरबीवर खिळते. निवडीचा अधिकार कोणाकडे होता, हे नजरेतून निसटते.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हा अधिकार आणखी स्पष्ट केला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना आवश्यक झाला. युरोपीयांना मुळात सूट होती. अशा परिस्थितीत ‘कोणते काडतूस चांगले’ ही चर्चा इंग्रजीतच होत राहिली, यात नवल नाही. आपल्याकडे ती प्रामुख्याने संस्थानिकांपुरती उरली. कोल्हापूरच्या छत्रपतींचे दाजीपूरचे रान हे असेच राखीव शिकारक्षेत्र होते. गव्यांचे अभयारण्य म्हणून ते १९५८ मध्ये घोषित झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात .३०३ रायफलीसाठी मऊ टोकाची गोळी तयार झाली. तत्त्व शिकाऱ्याचेच : आत जाऊन पसरणे. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरण्यावर बंदी घालणारा ठराव आला, तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन अर्डा यांनी त्याला विरोध केला. सुसंस्कृत सैनिक जखम होताच थांबतो, ‘रानटी’ माणूस मात्र जखमी होऊनही चाल करून येतो, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. जखमी वाघाविषयी शिकारी जे बोलतो, तेच येथे माणसाविषयी बोलले गेले. युद्धात निषिद्ध ठरलेली ही गोळी शिकारीत मात्र योग्य मानली गेली, आणि ते चुकीचेही नव्हते. कारण जनावर झटपट मरावे हीच तेथली दया.

यानंतरची घटना अधिक बोलकी आहे. १८९८ मध्ये रिग्बी या बंदूककारांनी .४५० इंची नायट्रो एक्सप्रेस काडतूस आणले. ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची गोळी, सेकंदाला सुमारे २,१५० फूट वेग. मोठ्या शिकारीसाठी ते आदर्श ठरले. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थानात या मापाच्या दारूगोळ्यावर बंदी घातली. कारण वाघ वा गवा नव्हे. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचे माप तेच होते. त्या बंडखोरांच्या हाती होत्या आणि शिकारीच्या गोळ्या त्यांना उपयोगी पडतील अशी भीती होती. मग बंदूककारांनी .४६५, .४७०, .४७५ अशी मापे पुढे केली. नवी रायफल घेणारा साहेब .४७० चे काडतूस निवडत होता तेव्हा त्याला ते जनावरासाठी निवडले असे वाटत असेल. प्रत्यक्षात ती निवड माणसांच्या भीतीने आधीच करून ठेवली होती.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ मधील त्याची दुरुस्ती यांनी आपल्याकडचा शिकारीचा प्रश्नच मिटवला, आणि ते योग्यच झाले. काडतूस हा शब्द मात्र शिल्लक आहे. तो वसईच्या बाजूने आला की गोव्याच्या, यावर वर्गात वाद जरूर व्हावा. पण तो शब्द उच्चारताना ती वस्तू कोणी निवडली, कोणासाठी निवडली आणि कोणाला निवडू दिली नाही, हेही विद्यार्थ्याने विचारावे. शब्दाच्या इतिहासाला अर्थ येतो तो तेथून पुढे.