कुंभारणीच्या मुली

कुंभारीण माशी कोणाला माहीत नाही? दाराच्या चौकटीत, देवघराच्या कोनाड्यात चिखलाचं घर बांधते, कुठून तरी अळी ओढून आणते, आत कोंबते आणि तोंड लिंपून टाकते. काही दिवसांनी भोक पडतं आणि आतून नवी कुंभारीणच बाहेर येते. अळी गेली कुठे? यावर आपल्या पूर्वजांनी उत्तर काढलं ते म्हणजे भ्रमर-कीटक न्याय. अळी भीतीने रात्रंदिवस माशीचंच चिंतन करते आणि शेवटी तीच होऊन जाते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू आहेत, त्यांतली शेवटची ही माशी. एकनाथांनी त्या स्कंधावरची टीका 1573 साली काशीत पुरी केली.

निरीक्षण चोखच होतं. फक्त अंडं दिसलं नाही. युरोपातही काही वेगळं नव्हतं. 1602 मध्ये बोलोन्याच्या आल्द्रोव्हांदीने कोबीच्या अळीतून बाहेर आलेले इवलेसे कोश पाहिले आणि ती अळीचीच अंडी समजला. खरा उलगडा व्हायला आणखी शंभर वर्षं लागली. तो केला वालिस्नेरी नावाच्या इटालियन वैद्याने.

कुंभारणीच्या दूरच्या बहिणी घर बांधायच्या भानगडीत पडत नाहीत. त्या अळीच्या अंगात किंवा थेट पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालतात. आपल्याकडच्या उसाच्या पट्ट्यात ट्रायकोकार्ड मिळतं ना, त्यावरची ट्रायकोग्रामा ही यांतलीच. साधारण अर्ध्या मिलिमीटरची. तांदळावरच्या पतंगाची वीसेक हजार अंडी कार्डाला चिकटवतात, ट्रायकोग्रामा त्यांत अंडी घालते, आणि चार दिवसांत कार्ड काळं पडतं. ते कापून पट्ट्या पानांच्या खालच्या बाजूला टाचायच्या.

आता खरी गंमत. या माशीला मुलगा की मुलगी हे ठरवता येतं! मीलनानंतर नराचं शुक्र ती पोटातल्या एका पिशवीत साठवते. अंडं घालताना पिशवीचं तोंड उघडलं तर मुलगी, बंद ठेवलं तर मुलगा. म्हणजे मुलाला बापच नाही. (मधमाश्यांच्या नरांबद्दल हे 1845 मध्ये झिर्झोन नावाच्या एका पाद्रीबुवांनी आधीच सांगितलं होतं, आणि त्यावर बराच गदारोळ झाला होता.) आपल्याकडे पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे तपासण्याविरुद्ध 1988 साली महाराष्ट्राला देशात पहिला कायदा करावा लागला. ही बाई उलट जास्तीत जास्त मुलीच पसंत करते. एकटी असेल तर अंड्यांच्या पुंजक्यात मुलगे मोजकेच ठेवते, बहिणींना पुरतील एवढेच, कारण भाऊ-बहिणींचं मीलन तिथल्या तिथेच होतं. असं का, याचं गणित हॅमिल्टनने 1967 मध्ये मांडलं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळा खेळ इथेच आहे. कीड मारते ती मादी. नर तिच्या उपयोगाचा, पिकाच्या नाही. प्रयोगशाळेत थोड्या अंड्यांवर खूप माश्या सोडल्या तर मुलग्यांचं प्रमाण वाढतं, आणि मीलन न झालेली मादी नुसते मुलगेच घालते. कार्डावरचा आकडा तोच, काम मात्र कमी. कॅलिफोर्नियात 1920 च्या दशकात ट्रायकोग्रामाचा कारखानाच काढणारा फ्लँडर्स पुढे या माश्यांमध्ये नर-मादी कसे ठरतात याच विषयात बुडाला, त्यात मला काही नवल वाटत नाही. माल विकायचा तर मुली मोजायलाच हव्यात.

अमेरिकन लष्करी अळी 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्ग्याला सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. पुढच्या खरिपात नाशिक जिल्ह्यात, येवला-मालेगावकडच्या मक्यात पोंगे कुरतडलेले दिसू लागले. अळी एकदा पोंग्यात शिरली की फवारा पोचत नाही, म्हणजे अंड्यातच गाठायला हवी. पण या पतंगाची मादी एका वेळी शे-दीडशे अंडी थरावर थर रचून घालते, वर खवल्यांची गोधडी. ट्रायकोग्रामाला वरचा थर जमतो, खालचा अवघड जातो.

खालच्या थरापर्यंत पोचते ती टेलेनोमस रेमस. मूळची मलाया-न्यू गिनीकडची. तंबाखूवरच्या अळीसाठी ती 1963 मध्येच भारतात आणली होती. पुढे व्हेनेझुएलात ती मक्यावरच्या याच लष्करी अळीविरुद्ध सोडली गेली. अळी भारतात आली तेव्हा तिची वैरीण इथे पंचावन्न वर्षं आधीच येऊन बसली होती!

टेलेनोमसचे नर माद्यांच्या आधी बाहेर येतात आणि त्याच पुंजक्यावर बहिणींची वाट पाहत थांबतात. मीलन झालं की माद्या पुढचा पुंजका शोधायला निघतात. याच दिवसांत कोणी खात्रीसाठी म्हणून कडक कीटकनाशक मारलं, तर अळीच्या आधी या माद्याच जातात. पतंगाची अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. मक्याच्या पानावर पुंजका काळा पडलेला दिसला आणि त्यातून अळ्या निघाल्या नाहीत, तर पंप खाली ठेवायला हरकत नाही. आत टेलेनोमसची पिल्लं आहेत, आणि त्यांत बहुतेक मुलीच.