बरोबरीचा निवाडा

एकाच पाटीलकीवर दोन भाऊबंद सारख्याच भक्कम कागदांनिशी हक्क सांगत आले, म्हणजे जुन्या काळच्या पंचांपुढे निवाड्याच्या तीन वाटा असत : कागद आणखी बारकाईने तपासून तिळाएवढा का होईना फरक शोधावा, वडीलपणाचा मान राखावा, किंवा वतनाची समान तक्षीम करून दोघांनाही घरी पाठवावे. पोकर या अमेरिकन पत्त्यांच्या खेळाने या तिन्ही वाटा चालून पाहिल्या, आणि दोन गड्यांची पाने तोलास तोल निघाली असता मधली रक्कम कोणाची, या लहानशा प्रश्नाच्या उत्तरात त्याची सारी कुळकथा साठून राहिली.

हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात रूढ झाला आणि मिसिसिपीतल्या आगबोटींवरून देशभर पसरला. नावावरून त्याचे नाते फ्रेंचांच्या ‘पोक’शी व जर्मनांच्या ‘पोखेन’शी जुळते. इराणी ‘आस-नास’ हाच त्याचा जनक, असेही एकेकाळी छातीठोकपणे सांगितले जाई, कारण आस, शाह, बीबी, सरबाज आणि लकात अशा पाच दर्जांची पाने त्यातही असत. परंतु आस-नासची उपलब्ध वर्णने पोकर प्रौढ झाल्यानंतरची असल्यामुळे हे पितृत्व आता संशयास्पद मानले जाते.

जुगार सोडून जुगाराचाच वैरी बनलेल्या जोनाथन ग्रीन याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आद्य पोकरचे वर्णन आहे. कॅट अवघ्या वीस पानांचा : एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी, प्रत्येकी चार. चार गडी पाच-पाच पाने घेत आणि कॅट संपून जाई. वाचकाने ही वीस पाने जमिनीवर मांडून पाहावीत. जोडी न लागलेल्या गड्याच्या हाती पाच दर्जांचे एकेक पानच येणार, दुसरे काही येऊच शकत नाही. म्हणजे जोडीवाचून बसलेले सारे गडी अगदी सारखे. पाच पाने उचलण्याचे प्रकार १५,५०४ होतात खरे, पण रंगाला आणि क्रमाला मोल नसताना त्यांतून निरनिराळे दर्जे निघतात केवळ १२१. अशा खेळात बरोबरी पदोपदी होणार. जुन्या युरोपीय बाजींच्या खेळांत वाटणाऱ्याशेजारच्या, म्हणजे पहिले पान मिळणाऱ्या गड्याला ‘वडील’ म्हणत आणि बरोबरी झाल्यास त्याचे पारडे जड धरीत. निवाड्याची ही वडीलपणाची वाट पोकरच्या पूर्वजांना ठाऊक होती.

पुढे बावन्न पानांचा कॅट आला, एकाच रंगाच्या पाच पानांना, म्हणजे फ्लशला, मान मिळाला, नको ती पाने टाकून नवी घेण्याची मुभा मिळाली आणि मागाहून ओळीने आलेल्या पाच पानांचा, म्हणजे स्ट्रेटचा, दर्जाही कबूल झाला. आज पाच पानांचे २५,९८,९६० प्रकार आणि त्यांचे ७,४६२ दर्जे होतात. बारकाईने तपासण्याची पहिली वाट अशी रुंद झाली. दोघांकडे राजांची जोडी असली, तर उरलेल्या पानांतले थोर पान पाहायचे, तेही जुळले तर त्याखालचे, आणि असे करीत पाचव्या पानापर्यंत उतरायचे. या निर्णायक पानाला ‘किकर’ म्हणतात. मूळ अर्थ मात्र निराळा होता : पाने बदलताना जोडीसोबत मुद्दाम राखलेले मोठे पान, ज्यामुळे प्रतिपक्षाला तिकडीचा संशय यावा, ते किकर. चकवण्याचे हत्यार कालांतराने न्यायाधीश झाले. १८७६ च्या ऑगस्टमध्ये डेडवुड येथे बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक पोकरचा डाव खेळत असता मारला गेला. त्याच्या हाती दोन एक्के व दोन अठ्ठ्या होत्या अशी आख्यायिका आहे, पण पाचवे पान कोणते, यावर आजतागायत एकमत नाही.

पाचही पाने जुळली तर? येथे इस्पीक बदामापेक्षा श्रेष्ठ ठरवून तंटा सहज मिटवता आला असता. ब्रिजच्या बोलीत रंगांना तशी श्रेणी आहेच. पोकरने डावाचा निकाल लावताना चारही रंग समान मानले. त्याचा एक सूक्ष्म परिणाम झाला. चार एक्के अजिंक्य असतात तोवर ते हाती असणारा निश्चिंतपणे पैसे लावतो, आणि निश्चित विजयावर पैज लावणे सभ्य माणसाला शोभत नाही, असा आक्षेप त्या काळी घेतला जाई. म्हणून एकाच रंगाची ओळ चार एक्क्यांच्या वर बसवली गेली. तीतली सर्वोच्च ओळही चार रंगांत चार वेळा संभवते, आणि ती चारही समान. सबंध रक्कम आपलीच, अशी खात्री देणारी पाने त्या क्षणापासून पाने बदलून खेळायच्या पोकरमध्ये उरली नाहीत.

पोकरच्या टेक्सास होल्डेम या प्रकारात पाच पाने सर्वांची सामाईक असल्याने समान तक्षीम नित्याचीच झाली. जमिनीवर एक्का, राजा, राणी, गुलाम आणि अठ्ठी आहेत. एकाच्या हाती एक्का-सत्ती, दुसऱ्याच्या एक्का-पंजी. फ्लश कोणाचाच नाही. सत्तीवाल्याला वाटते आपण वरचढ. पण एक्क्यांची जोडी, राजा, राणी आणि गुलाम येथेच दोघांची पाच पाने भरतात, सत्तीला जागाच उरत नाही आणि रकमेचे दोन समान हिस्से होतात.

आपल्याकडे दिवाळीत रंगणारी तीन पत्ती ही इंग्रजांच्या ब्रॅगची लेक. तिचा दस्तुर असा की बरोबरी झाली तर शो मागणारा हरतो. उतावळ्याला दंड करणारा तो कायदा चटपटीत आहे, पण गुण संपले की हक्कही समान, हे पोकरचे तत्त्व मला अधिक न्याय्य वाटते. एवढे मात्र खरे की रक्कम बरोबर दुभागत नसेल, तर उरलेली एक चकती अजूनही बहुधा वाटणाऱ्याच्या डावीकडच्या पहिल्या हिस्सेदारालाच देतात. जुन्या वडीलपणाचे वतन त्या एका चकतीपुरते चालू आहे.